लंच टायमातली मोजणी

आमच्या भूमी अभिलेख कार्यालयामागची गल्ली
कुठल्याच नकाशात नाही. मी शोधलीय.
दोन गटांच्या मध्ये एक रेघ आहे, शाईच्या जाडीची,
आणि त्या जाडीत
रोज एक ते दोन
अर्धा शरणपूर रोड जेवतो.

विम्यातले, कोर्टातले, बँकेतल्या त्या तिघी,
ज्यांचे डबे पिशवीतून बाहेरच येत नाहीत.
बोरस्ते त्यांना नावं ठेवतो,
आणि स्वतःचा डबा सीबीएसच्या सिग्नलवर
गजरेवाल्या पोराला देऊन येतो.

मंगळवारी भांडण झालं.
रोहरांची पकवानाची कढई सरकत सरकत
दिलमायाच्या मोमोच्या भांड्याला टेकली होती.
"साईं, तेल उडतं, त्याला मी काय सांगू?"
"तेल तुमचं, भाजतो माझा हात," ती म्हणाली,
सिक्कीमची बाई, मराठी मात्र सातपूरची.
मधे महतो, लिट्टीच्या निखाऱ्यावर पुठ्ठा हलवत
दोघांनाही मान डोलावत होता.
आम्ही सगळे प्लेटा धरून, पंच असल्यासारखे.

तेवढ्यात कस्तुराबाई अहिरे,
मांडा कोपरापर्यंत आलेला,
तो खापरावर टाकल्याशिवाय बोलली नाही.
टाकला, मग माझ्याकडे बोट केलं:
"हाऊ मोजणीवाला शे ना? मंग मोजू द्या त्याले."

अठरा वर्षांत पहिल्यांदा
अर्ज नाही, फी नाही, लगतधारकांना नोटीस नाही,
मी टेप काढली.
दुसरं टोक सेल्वीच्या मुलाने धरलं, हात चटणीचा.
माझ्या सरकारी टेपवर
तीन फुटांपाशी अजून खोबऱ्याचा डाग आहे.

लांबी बत्तीस फूट चार इंच. गाड्या सहा.
प्रत्येकी पाच फूट चार इंच,
उरतात चार इंच.

"सरकारजमा करा," बिर्याणीच्या हंडीमागून जमील मोमिन म्हणाला.
एक वकील, तोंडात इडली, वहिवाटीचा मुद्दा काढू लागला.
चार इंचांत काहीच बसत नव्हतं.
परात नाही, पिंप नाही, कांद्याची पाटी नाही.
शेवटी सेल्वीने मिठाचा डबा ठेवून पाहिला.
बसला.
मी खडूने रेघा मारल्या, हात झटकले,
आणि त्या दिवशी सहा गाड्यांवर
कुणीच माझे पैसे घेईना. (मी लिट्टीचे दिले. महतोचा चेहरा बघवला नाही.)

शुक्रवारी पालिकेचा ट्रक आला, पावणेएकला.

एकला मी खाली उतरलो
तर खडूच्या रेघा, सहा गाळे, स्वच्छ,
इतकी बिनचूक मोजणी माझ्या हातून शेतात कधी झाली नाही.
मिठाचा डबा आडवा पडला होता.
बँकेतल्या तिघी आल्या, बघून परत गेल्या.
कुणी कुणाशी बोललं नाही.

वर येऊन टेबलावर डबा उघडला.
गिलक्याची भाजी, दाण्याचा कूट घातलेली.
सगळी खाल्ली. सुनंदेला फोन केला,
म्हटलं, भाजी छान झालीय.
ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, "काय झालं? बरं आहे ना?"

सोमवारी सगळे होते, भलत्याच क्रमाने.
मोमिन टोकाला, सेल्वी नाल्याच्या झाकणावर,
कस्तुराबाईंचं खापर नवं, अजून न मुरलेलं, मांडा चिकटत होता.
रेघांवरून चाकं गेलेली.
रोहरांची गाडी सुटली नव्हती, दंडाचे पैसे जमायचे होते.
पण पकवानाचा वास तर येत होता.

वासामागे गेलो.
दिलमायाच्या पाच फूट चार इंचांत
तिची शेगडी, तिचं भांडं, तिच्या अंगावर सांडलेलं पीठ,
आणि तिच्या कोपराला कोपर लावून
रोहरा, उसनी कढई, तेल उडवत.

"हात भाजत नाही का आता?" मी विचारलं.
"भाजतो की," ती म्हणाली.
"प्लेट धरा."